दहावा फ्रिज

आमचा फ्रिज दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी गेला. दोनदा खोकला, एकदा थरथरला आणि गप्प झाला. सासूबाईंनी दार उघडून आत हात फिरवला आणि म्हणाल्या, "गेला बापा." मग आतलं अनारशाचं पीठ बाहेर काढलं, फडकं ओलं करून त्याला आतून-बाहेरून पुसलं आणि सासऱ्यांना हाताशी घेऊन ढकलत ढकलत सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, आणून भिंतीला उभा केला. महिन्याभराने धान निघालं तेव्हा पुढच्या साली पेरायचं चिन्नोर भाताचं बी त्यात भरून टाकलं. उंदराचे दात पत्र्याला लागत नाहीत.

आमच्या सिहोऱ्यात असं करणाऱ्या त्या काही पहिल्या नाहीत. इकडे फ्रिज मरतो म्हणजे फक्त थंड करायचं सोडतो. बाकी त्याचा संसार चालूच राहतो. फेरीवाला कबाडी येतो, मागची नळी हातोडीने ठोकतो, फुस्स करून आतला गॅस उडून जातो. तो काळा कॉम्प्रेसर आणि तांबं पोत्यात टाकतो आणि रिकामा डबा तुमच्या अंगणात सोडून निघून जातो. असल्या एका डब्याला आडवं पाडून आनंदाबाई त्यात बर्फ आणि चांदपूरच्या तलावातली मासोळी ठेवते. रुखमाच्या घरी दुसऱ्या डब्यात कोंबडी अंड्यावर बसते. आमच्या फ्रिजला मात्र सासूबाईंनी कबाड्याला हात लावू दिला नव्हता. "प्रविणच्या बारशाच्या साली बैलबंडीत घालून आणला होता. त्याचं पोट नाही फाडू देत मी." प्रविण म्हणजे माझा नवरा.

इथवर मला काही तक्रार नव्हती. तक्रार सुरू झाली चैत्रातल्या एका दुपारी.

गुंजन, माझी मुलगी, चार वर्षांची आहे. त्या दुपारी ती सपरीतून हात झटकत आली आणि म्हणाली, "बबली झोपली. तिले गरम होत होतं." बबली म्हणजे तिची बाहुली. मी विचारलं, कुठे झोपली? तिने मला हाताला धरून नेलं. फ्रिजच्या हँडलला दोन्ही हातांनी लोंबकळली, खट्ट झालं, दार उघडलं. वरच्या जाळीवर, बियाच्या पिशव्यांच्या वर, बबली उताणी पडलेली. गुंजनने तिचं पांघरूण नीट केलं आणि ढुंगणाने धक्का देऊन दार लावलं. खट्ट.

जुन्या काळचा तो खटक्याचा फ्रिज. ती गेल्यावर मी दार उघडून आतल्या बाजूने बोटं फिरवून पाहिली. आतून काहीच नव्हतं. ढकलायला नाही, ओढायला नाही.

तेव्हा फ्रिज गळ्यापर्यंत बियाने भरलेला होता, बाहुलीपुरतीच जागा होती. पण मृग लागला की ते बी पऱ्हे, म्हणजे रोपं, टाकायला शेतात जाणार. त्यानंतर थेट पुढचं धान निघेपर्यंत तो फ्रिज रिकामा, सपरीत, चार वर्षांच्या पोरीच्या उंचीवर हँडल घेऊन उभा राहणार होता. रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत आमच्या घरी दुपारी कोण असतं? मी दिवस मोजायला लागले.

प्रविण म्हणाला, "दार काढून टाकू." तो तुमसरच्या राइस मिलमध्ये मशीनवर आहे, त्याला कशाचंही काहीतरी काढून टाकावंसं वाटतं.

"अन् उंदरं?" सासूबाई म्हणाल्या. "त्यायले आवतन देऊ का, या म्हणून, जेवण तयार आहे?"

मग त्याने दाराला दोरी बांधली. त्या फ्रिजात नुसतं बी थोडंच होतं! तिखट, मुगवड्या, रेशन कार्ड, प्रविणची दहावीची सनद, सासऱ्यांच्या बीपीच्या गोळ्या. सासूबाई दिवसातून दहा वेळा दोरी सोडायच्या आणि एकदाही बांधायच्या नाहीत.

सरळ सांगून टाकायचं ना, असं कोणीही म्हणेल. पण आमच्या घरात लेकराबद्दल वाईट शब्द उच्चारत नाहीत. वास्तू ऐकते आणि तथास्तु म्हणते. सासूबाई तर "लेकरू पडेल" असंही म्हणत नाहीत, "लेकरू सांभाळून चालेल" म्हणतात. मी भंडाऱ्याला बी.एस्सी. केलं, केमिस्ट्रीत पहिला वर्ग आहे, आणि तरी ते वाक्य माझ्या जिभेवर आलं की मी पाणी पिऊन घ्यायची. प्रविणला मी मोबाईलवर कुठल्याशा गावची एक बातमी दाखवली. त्याने वाचली, फोन उलटा ठेवला आणि म्हणाला, "आईले तूच सांग."

तेव्हा खरं कारण सोडून मी बाकी सगळी कारणं सांगितली. हा फ्रिज नीट मोडला तर त्याचं लोखंड, तांबं, प्लॅस्टिक सगळं परत कामात येतं. तेवढ्यासाठी नवी खाण खणावी लागत नाही, भट्टीची वीज वाचते. आतला गॅस मोकळा सुटला तर हवा तापते, तो मशीनने काढून घ्यावा लागतो.

"गॅस?" सासूबाईंनी फ्रिजकडे नव्या नजरेने पाहिलं. "त्याच्यात गॅस असता त मी सिलिंडर कायले आणला असता वो?"

तुमसरला गुंजनच्या लसीसाठी गेले होते तेव्हा दवाखान्याच्या भिंतीवर एक कागद पाहिला होता. जुने फ्रिज, जुने कूलर घेऊन जाऊ, खाली नंबर. मी फोन लावला. पलीकडे मनिष नावाचा माणूस होता, नागपूरकडच्या कारखान्याची गाडी चालवणारा.

"मॅडम, एका फ्रिजसाठी गाडी नाही येत. दहा जमवा. कॉम्प्रेसर जागेवर पाहिजे, नळी अख्खी पाहिजे. रिकामे डबे नको, ते नेले तर साहेब मलेच डब्यात बसवतील."

"किती दिवस आहेत?"

"येत्या गुरुवारच्या पुढचा गुरुवार. पाऊस लागायच्या आधीची शेवटची फेरी. मंग डायरेक्ट दिवाळीनंतर."

अकरा दिवस होते. मी गुंजनला कडेवर घेतलं आणि गावात निघाले.

पहिले दोन सहज मिळाले, गोठ्यात कडबा ठेवायलाही निकामी झालेले. तिसऱ्यासाठी मधुकररावांच्या घरी गेले. मधुकरराव निवृत्त मास्तर, त्यांचा फ्रिज चालू होता. चालू म्हणजे बंदच व्हायचा नाही. त्यांच्या ओसरीवर बसलं की त्याच्या पोटातली गुरगुर ऐकू यायची.

"चालू वस्तू कशाला देऊ?" ते म्हणाले.

"गुरुजी, हा वीज किती खाते पाहिलं का? मीटरवरचा लाल लाईट मिचकतो ना, जितका जास्त मिचकेल तितकी वीज."

मी हे सहज बोलून गेले. मास्तरला मोजायला सांगितलं म्हणजे काय होतं ते दुसऱ्या दिवशी कळलं. भर दुपारी, पंचेचाळीस डिग्रीत, त्यांनी घरातले पंखे, कूलर, दिवे सगळं बंद केलं, फक्त फ्रिज चालू ठेवला आणि मीटरसमोर खुर्ची टाकून तासभर मिचकावण्या मोजल्या. मागे काकू सुपाने वारा घालत उभ्या. मग तीच खुर्ची उचलून शेजारी मुलाच्या घरी. तिथे नवा फ्रिज. तिथलेही पंखे बंद.

संध्याकाळी स्वतः आमच्या दारात आले. बनियन घामाने भिजून अंगाला चिकटलेलं. "माझा पाचशे बासष्ट. पोराचा एकशे नव्वद," ते म्हणाले. "सव्वीस वर्षं मी या चोराला वीज चारून घरात ठेवलं. घेऊन जा, बाई."

आणि नुसता फ्रिज देऊन थांबले नाहीत. चौकात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला पाचशे बासष्ट सांगायला लागले. त्या आकड्याने भैय्यालालच्या कोल्ड्रिंकच्या दुकानातला दोन दारांचा आला, दूध डेअरीचा आला, आणखी चार आले. मोजले तर नऊ झाले.

दहावा कोणाकडेच नव्हता. होते ते सगळे पोट फाडलेले डबे. मी आनंदाबाईच्या मासोळीच्या डब्याच्या मागे जाऊन उगाच वाकून पाहिलं, तर ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काय पाहून राहिली वो? लोकाचे फ्रिज गोळा करतं, अन् घरचा सपरीत अक्खा उभा. पहिले सासूले पटव, मंग माया बरफाकडे ये."

गाव सगळं जाणतं. घरी येऊन मी शेवटचं हत्यार काढलं.

"आई, बंद डब्यात बियाले घाम सुटते. उन्हाळ्यात आतल्या आत उकडून मरते ते. मृगात पऱ्हे टाकाल अन् काहीच नाही निघणार."

हे मात्र लागलं. सासूबाई भाजी निवडत होत्या, थांबल्या. गॅस, तांबं, वीज या गोष्टी माझ्या कॉलेजातल्या. बी त्यांचं.

"माया बी मरते?" त्या म्हणाल्या. "चल, लावतं का शर्त? शंभर दाणे उगवून पाहू. ऐंशीच्या खाली आले त तुया फ्रिज घेऊन जा. वर आले त दिवाळीपर्यंत त्याचं नाव नाही काढायचं."

मी हो म्हटलं. शंभर दाणे मोजून रात्रभर भिजत घातले, सकाळी ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडल्या, गुंडाळी केली आणि न्हाणीच्या भिंतीला सावलीत ठेवली. सासूबाई म्हणाल्या, "पाणी तूच मार. नाही त म्हणशील बुढीने काही केलं."

त्या आठवड्यात मी जशी त्या गोणपाटाकडे पाहत होते तशी कोणाकडे पाहिल्याचं मला आठवत नाही. मे महिन्यात ओलं गोणपाट दोन तासांत कडक होतं. एकदा पाणी चुकलं की संपलं, कोणी विचारणार नाही, ऊनच तसलं आहे. तिसऱ्या दिवशी दुपारी घर झोपलं होतं. मी लोटा घेऊन न्हाणीत गेले आणि अर्धाच ओतून थांबले. गुंडाळीच्या टोकाशी एक दाणा बाहेर आला होता, त्याला नखाएवढा पांढरा कोंब फुटलेला. उरलेला अर्धा लोटा हातात धरून मी किती वेळ उभी होते कोण जाणे. मग तो मोरीत ओतला आणि खोलीत जाऊन गुंजनजवळ पडले.

दहा मिनिटंही पडवलं नाही. उठून एक सोडून तीन लोटे आणले आणि भडाभडा ओतले. कोणाचा तरी गळा दाबून परत सोडल्यासारखं वाटत होतं.

मंगळवारी सकाळी गुंडाळी उघडली. सासऱ्यांना पंच म्हणून बसवलं होतं, ते चष्मा लावून एकेक दाणा मोजत होते. गुंजन प्रत्येक कोंबाला बोट लावून "हा जिता, हा जिता" करत होती. ऐंशी कधीच मागे पडले. ब्याण्णव झाले.

सासूबाई उठल्या, फ्रिजजवळ गेल्या आणि त्याच्या पाठीवर थाप मारली, बैलाला मारतात तशी.

दुपारी मनिषचा फोन. "झाले का मॅडम दहा?"

"नऊ आहेत."

"नऊला नाही जमत जी. उद्यापर्यंत सांगा, नाही त गाडी दुसरीकडे लावतो."

फोन ठेवला तेव्हा गुंजन सपरीत होती. मी धावत गेले. ती फ्रिजपाशी नव्हतीच, जिन्याखाली मांजरीशी बोलत होती. पण धावताना माझ्या पायात काठवट आली, पीठ सगळीकडे उडालं आणि सासूबाई माझ्याकडे पाहतच राहिल्या.

"काय झालं वो? कोण मेलं अशी पळतं?"

त्या शब्दावर मी दाराकडे वळले. मी म्हणाले, "आई, जरा सडकेवर चला."

"कायले?"

"घरात सांगता येत नाही."

"घरात कोण आहे ऐकाले? तुया सासरा त बहिरा होऊन राहिला."

"वास्तू आहे."

सासूबाईंचा चेहरा बदलला. त्यांनी पीठ भरलेले हात पदराला पुसले, चप्पल घातली आणि माझ्या पुढे चालायला लागल्या. अंगणातून, फाटकातून, पार नाल्यावरच्या पुलापर्यंत. तिथून आमच्या घराचं कौलसुद्धा दिसत नाही.

"बोल."

"गुंजनले ते हँडल उघडता येते," मी म्हणाले. "मृगात बी निघालं की फ्रिज रिकामा होईल. आतून उघडत नाही तो. हवा जात नाही आत, आवाज बाहेर येत नाही. आपण सगळे रोवणीले गेलो, अन् एखाद्या दुपारी तिले वाटलं आपणही बबलीसारखं झोपावं, अन् तिने..."

पुढचं वाक्य मी पूर्ण बोलले. इथे लिहीत नाही.

सासूबाईंचा हात वर आला. मला वाटलं आता तोंडात बसते. पण त्यांनी तो स्वतःच्याच तोंडावर ठेवला. एक ट्रॅक्टर गेला, त्याची धूळ आमच्या अंगावरून गेली, तरी हात तिथेच.

"कधीपासून तिले उघडता येते?"

"चैतापासून."

"दीड महिना." त्यांनी हात काढला. "दीड महिना तुले हे मालूम, अन् मले तू गॅस सांगून राहिली होती? तांबं सांगून राहिली होती?"

"घरात कसं बोलू? तुम्हीच म्हणता..."

"म्हणतो मी. मंग सडक नव्हती का? शेतातली बांधी नव्हती का? एवढं मोठं गाव सोडून तुले घरातच जागा दिसली?" त्या इतक्या जोरात बोलल्या की पुलाखाली म्हशी धूत असलेल्या माणसाने वर पाहिलं. "अन् शर्त काहून लावली? बी मोठं का पोरगी मोठी?"

माझं रडू तेव्हा फुटलं. "मला वाटत होतं बी मरावं," मी म्हणाले. "एक दिवस मी पाणी अर्धंच मारलं."

"मले मालूम आहे."

"काय?"

"तू झोपायले गेली का मी मारत होतो. एकट्या सुनेच्या भरवशावर बी सोडते का कोणी?"

एवढं बोलून त्या घराकडे निघाल्या. मी डोळे पुसत मागून. अशा चालत होत्या की त्यांना गाठायला मला पळावं लागलं.

घरी पोहोचेपर्यंत सगळं ठरलेलं होतं. सासऱ्यांना बियाच्या पिशव्या काढायला सांगितलं, ते "काय झालं, काय झालं" करत राहिले, त्यांना कोणी सांगितलं नाही. बी फ्रिजमधून बाहेर आलं. तिखट, वड्या, सनद, कार्ड, गोळ्या सगळं खाटेवर. मृगाला पंधरा-वीस दिवस होते. "तेवढे दिवस मी बियाजवळ खाट टाकतो," सासूबाई म्हणाल्या. "येऊ दे कोणता उंदीर येते तो." पुढच्या सालचं काय, असं सासऱ्यांनी विचारलं तर म्हणाल्या, "पत्र्याची कोठी आणा. तुमसरले काय कोठ्या भेटत नाहीत?"

मी मनिषला फोन करून दहा झाले म्हणून सांगितलं.

गुरुवारी नऊ वाजता गाडी चौकात लागली. मधुकरराव पाटी-खडू घेऊन हजर होते, एकेक फ्रिज चढला की रेघ ओढत होते. मनिषने प्रत्येकाच्या मागे वाकून नळी तपासली. आमचा दहावा चढला तेव्हा मी मागे वळून पाहिलं, तर सासूबाई नव्हत्याच.

त्या आल्या पाच मिनिटांनी. सासऱ्यांच्या हातात पाना आणि डोक्यावर एक पांढरं दार, सासूबाईंच्या काखेत दुसरं, मागे रुखमा तिसरं ओढत आणत होती. गावात जेवढे रिकामे डबे होते तेवढ्यांच्या घरी सासूबाई सकाळपासून फिरल्या होत्या. प्रत्येक घरच्या बाईला आधी सडकेवर बोलावायचं, कानात दोन वाक्यं सांगायची, मग सासऱ्यांनी बिजागरी सोडायची. एक आनंदाबाई तेवढी घरी सापडली नव्हती.

"काकू, हे काय?" मनिष म्हणाला. "डबे नाही घेत आपण."

"डबे कुठे देऊन राहिलो? दारं आहेत. लोखंड आहे ना? ने."

"साहेब बोलतील जी मले."

"साहेबाले लेकरं आहेत का?"

"दोन आहेत."

"मंग त्याले सडकेवर बोलाव अन् फोन लावून दे मले. सांगतो मी."

मनिषने दारं चढवली.

तेवढ्यात आनंदाबाई बाजाराच्या बाजूने आली, पदर खोचलेला, हाताला मासोळीचे खवले, आणि तिने थेट सासूबाईंना गाठलं. "कुंताबाई! माया डब्याचं दार कोणी काढलं? आठ किलो रोहू आहे त्याच्यात! बरफ पाणी होऊन राहिला!"

"तुया नातू दोन वर्षाचा झाला ना?" सासूबाई म्हणाल्या.

"झाला, मंग?"

"मंग भुसा टाक बरफावर. आपल्या बापाच्या काळात बरफाले काय दारं होते?"

"बापाच्या काळात बरफच कुठे होता!" आनंदाबाई ओरडली. पण सासूबाईंनी तिला दंडाला धरून चौकाच्या पार टोकाला नेलं आणि काहीतरी सांगितलं. आनंदाबाई परत आली तेव्हा तिचा आवाज खाली होता. तिने गाडीतल्या आपल्या दाराकडे एकदा पाहिलं, आणि भुसा कोणाच्या घरी मिळेल ते विचारत निघून गेली.

गाडी निघाली तशी गुंजनने भोकाड पसरलं. तिला फ्रिज पाहिजे होता. बबलीला आता गरम होईल, म्हणत ती रस्त्यावर लोळली, घरी येऊन सपरीत लोळली, पाऊण तास थांबली नाही. सासूबाई म्हणाल्या, "रडू दे. छातीत जोर आहे पोरीच्या." मी ताट वाढून घेतलं. सुरणाची भाजी होती आणि गरम भात. दीड महिन्यात पहिल्यांदा मी सपरीकडे पाठ करून बसले आणि दोनदा भात मागितला.